साडेतीन वॅटची शेवरी

मेच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, शेवरी अशी काहून पडून आहे, पाहा ना."

शेवरी म्हणजे तिचा गिनीपिग. शेल्टी जातीची मादी, वजन साधारण किलोभर, आणि अंगावरचे केस शेवरीच्या बोंडातून कापूस फुटावा तसे. एरवी कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला तरी शिट्ट्या मारणारी ही बाई पिंजऱ्यात मागचे पाय ताणून आडवी झाली होती. हनुवटी ओली, श्वास भरभर. बाहेर ४४ अंश आणि पिंजऱ्यासमोर टेबलफॅन पाचावर.

"दुकानवाला म्हणाला होता, हा प्राणी मूळ पेरू देशातला आहे, विषुववृत्ताजवळचा. आपला उन्हाळा याला काहीच नाही."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहे.

पेरू विषुववृत्ताजवळ आहे हे खरं, पण गिनीपिग माणसाळला तो अँडीज पर्वतात, काही हजार वर्षांपूर्वी, तोही खाण्यासाठी. तिथल्या कुस्को शहराची उंची सुमारे ३,४०० मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई शिखर एकावर एक दोनदा रचलं तरी थोडं कमीच पडेल. तिथे भर दुपारी पारा वीसच्या आसपास घुटमळतो आणि हिवाळ्यातल्या रात्री शून्याजवळ जातो. नकाशावरचं अक्षांश पाहून हवामान सांगायचं तर महाबळेश्वर आणि सोलापूर सारखंच निघेल!

शिवाय अँडीजमधल्या रानटी गिनीपिगचे केस आखूडच असतात. पेरुव्हियन, शेल्टी, टेक्सेल या लांबकेशी जाती माणसाच्या हौसेच्या. विल्यम कॅसल या अमेरिकी संशोधकाने १९०५ मध्येच दाखवलं होतं की गिनीपिगमधला लांब केसांचा गुण अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. आला की मग केस थांबत नाहीत. महिन्याला अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढत राहतात.

आता टेबलफॅनकडे वळू. पंखा हवा थंड करत नाही. चालू पंख्यासमोर थर्मामीटर टांगून बघा, पारा जागचा हलत नाही. मग त्याच थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळा. पारा उतरायला लागतो. पंख्यासमोर आपण म्हणजे ते ओलं फडकं. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो, आणि पंखा फक्त वाळण्याचं काम लवकर उरकतो. गिनीपिगला अंगभर घाम येत नाही. कुत्र्यासारखं धापा टाकून गार होणंही त्याला नीट जमत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे उघडे कान, पायांचे तळवे आणि श्वास एवढंच. अगदीच जिवावर बेतलं की लाळ गळते. शेवरीची हनुवटी ओली दिसली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला तो याचसाठी. गिनीपिगच्या शरीराचं तापमान ३८–३९ अंश असतं. खोलीतली हवा त्याच्या वर गेली की पंखा भट्टीच्या भात्यासारखा तिच्यावर उष्णताच ढकलत राहतो.

पण ही उष्णता असते तरी किती? ती मोजली गेली आहे, आणि गंमत म्हणजे ती मोजायला गिनीपिगच वापरला होता. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक भांडं तयार केलं. एकात एक असे तीन कप्पे. सगळ्यात आतल्या जाळीच्या टोपलीत गिनीपिग, त्याभोवती बर्फ, आणि त्या बर्फाभोवती पुन्हा बर्फाचा दुसरा थर. बाहेरचा थर कशासाठी? खोलीची ऊब त्याने अंगावर घ्यावी आणि आतला बर्फ फक्त प्राण्याच्या उष्णतेने वितळावा म्हणून. मला या प्रयोगातला सगळ्यात हुशार भाग हा बाहेरचा थर वाटतो. दहा तासांत आतला १३ औंस, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळला. खाली तोटीतून पाणी आलं, तेवढं मोजलं, झालं. श्वसन म्हणजे एक संथ ज्वलन आहे, या निष्कर्षाचा एक पाय या चारशे ग्रॅम पाण्यात आहे.

एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. ४०० ग्रॅमचे झाले सुमारे १,३३,००० ज्यूल. दहा तास म्हणजे ३६,००० सेकंद. भागाकार केला की येतात सेकंदाला ३.७ ज्यूल, म्हणजेच ३.७ वॅट. बर्फात बसवलेला प्राणी थंडीमुळे थोडी जास्त उष्णता तयार करतो, तेव्हा शेवरीचे साडेतीन धरू. एखाद्या छोट्या एलईडी दिव्याइतके. (जुना झिरोचा बल्ब म्हणणार होतो, पण तो झिरो नसतो, चांगले दहा-पंधरा वॅट खातो.)

साडेतीन वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण हा दिवा बंद करता येत नाही, आणि त्यावर केसांची गोधडी आहे. केस स्वतः काही करत नाहीत. ते अडकवून ठेवतात ती स्थिर हवा उष्णता अडवते. किलोभर वजनाच्या गिनीपिगची त्वचा अंदाजे ९०० चौरस सेंटिमीटर भरते. तेवढ्यातून साडेतीन वॅट बाहेर काढायचे, तर केसांचा थर एक सेंटिमीटर जाड असताना त्वचा आणि खोली यांच्या तापमानात तेरा-चौदा अंशांचा फरक लागतो. त्वचा ३७ अंश धरली तर खोली २३ हवी. थर दोन सेंटिमीटरचा केला की लागणारा फरक तेवीसच्या घरात जातो, म्हणजे खोली १४ अंशांची हवी! कान, तळवे आणि श्वास यांचा वाटा मी सोडून दिला आहे, त्यामुळे हे आकडे ढोबळच. पण गिनीपिगला १८ ते २४ अंशांची खोली मानवते असं का सांगतात, आणि लांबकेशी आधी का आडवी होते, ते यातून कळतं. ज्यांना भागाकार नकोसा झाला त्यांनी एवढंच धरावं: उष्णता उतारावरून वाहते, आणि गोधडी जाड असेल तर उतार जास्त लागतो.

यावर एका वाचकाचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो आहे. मग उंटाचं काय? त्याचे केस उन्हापासून वाचवतात ना? वाचवतात. सहारात १९५० च्या दशकात श्मिट-निल्सन या संशोधकांनी उंटाची लोकर कातरून पाहिली, तर त्याचा पाण्याचा खर्च निम्म्याने वाढला. पण उंट भर उन्हात उभा असतो आणि त्याला केसांखाली घाम येतो. शेवरी घरात, सावलीत, बिनघामाची. तिला बाहेरची उष्णता अडवण्यापेक्षा आतली घालवायची आहे.

म्हणून केस कातरायचे. वस्तरा नाही, कात्री. पोटाकडचे आणि मागचे केस बोटभर ठेवून बाकी उडवायचे. लोळणारे केस मुतात भिजतात, उन्हाळ्यात त्यावर माशी बसते आणि कातडीत अळ्या पडतात. हे दिसायला फार वाईट असतं.

त्या दुपारी मात्र कात्रीला वेळ नव्हता. पंखा बंद करायला लावला. पिंजऱ्यातून काढून तिला न्हाणीघरातल्या शहाबादी फरशीवर ठेवलं. दगड पोटाची उष्णता खेचून घेतो. कान आणि तळवे पाण्याने ओले केले. नळाचं पाणी नको म्हटलं, कारण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून चहाचंच पाणी येतं. माठातलं घ्यायला सांगितलं. बर्फाचं पाणीही नको; त्याने कानांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि असलेली खिडकीही बंद होते. मग तसंच टोपलीत घालून डॉक्टरांकडे. गळती लाळ आणि आडवं अंग दिसलं तर घरगुती उपचारांवर थांबायचं नाही.

परतल्यावर कळलं की आजीने पिंजऱ्याला कांदा बांधला आहे, ऊन लागू नये म्हणून. खिशातला कांदा ऊन शोषतो असं मानणारे आपल्याकडे भरपूर. कांद्याला उष्णतेशी देणंघेणं नाही, आणि गिनीपिगने तो कुरतडला तर त्याच्या रक्तपेशी फुटू शकतात. काढायला लावला. काकडी चालते, पण तिच्यातल्या पाण्यासाठी. ती प्रकृतीने थंड असते म्हणून नव्हे. ऑनलाइन मिळणाऱ्या जेलच्या गाद्यांचंही फार कौतुक नको. कुरतडणाऱ्या प्राण्याखाली जेलची पिशवी ठेवायची कल्पना कुणाला सुचली कोण जाणे. फरशीचा तुकडा स्वस्त आणि दातांना पुरून उरणारा.

नागपूरकरांना एक मोठी सवलत आहे: कोरडी हवा. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. कूलर तिथवर पोचत नाही, पण सत्तावीस-अठ्ठावीस सहज देतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला हाच तळ साडेअठ्ठावीसचा. तिथे कूलर म्हणजे दमट वारा. मुंबई-कोकणात, गोव्यात एसी २४ ला लावावा, नाहीतर बर्फाची बाटली.

बाटलीचा हिशेब फसवा आहे. एक लिटर बर्फ वितळून तिशीपर्यंत तापेपर्यंत साधारण ४,६०,००० ज्यूल शोषतो. शेवरी दिवसभरात तीन लाख ज्यूल सोडते. म्हणजे कागदावर एक बाटली दीड दिवस पुरावी. प्रत्यक्षात काही तासांत तिचं पाणी होतं, कारण ती शेवरीला सोडून सगळ्या खोलीला गार करत बसते. लाव्हाझिएचा बाहेरचा थर आठवा. बाटली जुन्या पायमोज्यात घालायची आणि पिंजऱ्याचा तो कोपरा पुठ्ठ्याने तीन बाजूंनी बंद करायचा. एकाच कोपऱ्यात, म्हणजे नको झालं तर तिला उठून जाता येईल.

भाचीने मात्र बाटलीपेक्षा भारी युक्ती काढली. तोंड फुटलेला मोठा माठ आडवा ठेवला, कडा घासून बोथट केल्या, वरून ओलं गोणपाट टाकलं. आत कोरडं गवत. वही घालून तिने दुपारी तीनच्या नोंदी सुरू केल्या आहेत. परवाची नोंद: बाहेर ४४, खोलीत ३३, माठात २७. शेवरी माठाच्या तोंडाशी, अर्धी आत अर्धी बाहेर. कोथिंबीर तिकडूनच येते ना.