व्हील आर्चमधील फेरबदल : एमजी मिजेट आणि एमजीबी

मोटारीच्या बॉडीला चाकावर जी कमान असते तिला व्हील आर्च म्हणतात. आपल्याकडे गॅरेजात तिला सरसकट मडगार्ड म्हटले जाते. मडगार्डचे काम चिखल अडवण्याचे. पण ज्या मोटारीला वेगळी चासी नसते तिची मागची कमान चिखल अडवतेच, शिवाय गाडीचा भारही पेलते. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारींना रुंद चाके बसावीत म्हणून या कमानी दुमडणे, कापणे, गोल करणे किंवा बाहेर फुगवणे हे १९६० च्या दशकापासून चालत आले आहे. या नोंदीत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेल्या एमजी मिजेट आणि एमजीबी या दोन मोटारी घेतल्या आहेत. त्यातही मिजेटची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण तिची कमान खुद्द कारखान्यानेच बदलली आणि तीनेक वर्षांत पुन्हा पहिल्यासारखी केली.

मिजेटची गोल कमान

मिजेट १९६१ मध्ये आली ती ऑस्टिन-हीली स्प्राइटची जुळी बहीण म्हणून. दोघींची बॉडी मोनोकॉक, म्हणजे पत्राच सांगाडा. मागच्या चाकावरची कड वरून जवळजवळ सपाट होती आणि टायरचा वरचा भाग पत्र्याआड जात असे. मूळ चाके १३ इंचांची आणि अरुंद, त्यांना तेवढी जागा पुरत होती. १९७२ च्या मॉडेलपासून कारखान्याने ही कड अर्धगोल केली. गाडीचा मागचा भाग एकदम मोकळा आणि चपळ दिसू लागला, चाक काढणे-घालणेही सोपे झाले. मिजेटचे सर्वांत देखणे रूप हेच, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि गाडी शेजारून पाहिली की ते पटते.

१९७४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या सुरक्षा-नियमांसाठी काळे रबरी बंपर लावून, बॉडी उंच करून आणि ट्रायम्फचे १,४९३ सीसीचे इंजिन घालून मिजेट आली, तेव्हा मागची कमान पुन्हा सपाट झालेली होती. कारण बळकटीचे होते. गोल काप घेताना चाकावरचा जो पत्रा गेला, तोच मागच्या भागाला ताठपणा देत होता. १९७९ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत मग सपाट कमानच राहिली. स्प्राइट तर १९७१ मध्येच बंद झाली होती. त्यामुळे मिजेटच्या जोडीची, म्हणजे १९६१ नंतरची स्प्राइट गोल कमानीची कुठे दिसली तर ती नंतर कोणीतरी बदलली आहे, हे कागदपत्रे न पाहताही सांगता येते.

पत्र्याच्या आत

बाहेरून एक दिसणारी कमान प्रत्यक्षात दोन पत्र्यांची असते. बाहेरचा रंगवलेला पत्रा आणि आतला घुमटासारखा पत्रा कडेला एकत्र येऊन स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. त्या जोडाची बोटभर दुमड टायरच्या दिशेला वळलेली असते, आणि टायर घासतो तो नेमका तिला. कड कापली की दोन्ही पत्रे वहीच्या पानांसारखे सुटे होतात. पन्नास वर्षांच्या गाडीत त्यांच्या फटीतून तपकिरी गंजाची पूड भुरभुर खाली पडते. टायरने फेकलेला ओला चिखल याच फटीत वर्षानुवर्षे साचत आलेला असतो. घुमटाच्या आतल्या बाजूला सीट बेल्टचा बोल्टही असतो. म्हणून तो पत्रा गंजला असेल तर तो प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे, आणि रुंद चाकांचा विचार त्यानंतर.

पुढच्या कमानींचे तसे नाही. मिजेट आणि एमजीबी या दोन्ही गाड्यांचे पुढचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असतात. ते काढून, गुंडाळून ठेवून त्या जागी फुगवलेले मडगार्ड लावता येतात आणि हवे तेव्हा मूळ मडगार्ड परत चढवता येतात. मागची कमान एकदा कापली की परतीची वाट फार खर्चाची. पुढे आणि मागे एकाच उत्साहाने हात घालणाऱ्यांनी हा फरक आधी ओळखावा.

आधी माप, मग करवत

किती जागा लागेल याचा हिशेब साधा आहे. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांमधले अंतर, तोच ठेवून रिम साडेचार इंचांवरून साडेपाच इंच केली, तर प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे जवळपास १३ मिलिमीटर वाढतात. १४५ मिलिमीटर रुंदीच्या टायरऐवजी १७५ चा घेतला तर टायरची भिंत दोन्हीकडे साधारण १५ मिलिमीटर पसरते. ऑफसेट १० मिलिमीटरने कमी केला तर चाक तेवढेच बाहेर येते.

खरी अडचण गाडी हलते तेव्हा सुरू होते. या गाड्यांचा मागचा ॲक्सल अखंड आणि पाट्यांवर तोललेला. वळणावर पाटे आडवे लवचतात आणि बॉडी ॲक्सलच्या तुलनेत बाजूला सरकते. शिवाय बॉडी ॲक्सलच्या बरोबर मध्यावर बसलेली क्वचितच आढळते; टायर आणि कड यांच्या फटीत डावीकडे एक बोट जाते तर उजवीकडे दोन. म्हणून एका बाजूचे माप घेऊन दुसरीकडे तेच धरणे चूक. पाटे सोडवून ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सलची वरची हालचाल जिथे थांबते त्या रबरापर्यंत) उचलावा, आधी सरळ आणि मग एक बाजू वर व एक खाली असा. कडेला मऊ मातीचे गोळे चिकटवून चाक फिरवले की टायर कुठे आणि किती लागतो हे मातीवर उमटते. पुढच्या चाकांना हेच स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून करायचे. पुष्कळदा या तपासणीतच कळते की कमानीला हात लावायची गरज नाही. योग्य ऑफसेटची रिम घेतली किंवा आडवी हालचाल रोखणारा पॅनहार्ड रॉड लावला की काम भागते.

काम कसे करतात

सर्वांत सौम्य उपाय म्हणजे दुमड आत वर वळवणे. पूर्वी टायर आणि कड यांच्यामध्ये लाकडी दांडका घालून गाडी हळूहळू ढकलत. आता हबला बोल्ट करायचे रोलर मिळतात. रंग तडकू नये म्हणून हीट गनने पत्रा कोमट ठेवून, थोडे थोडे दाबत, अनेक फेऱ्यांत ते करावे लागते. घाई केली तर पत्रा लाटेसारखा फुगतो आणि स्पॉट वेल्ड उकलतात. मग रंग शाबूत दिसला तरी फटीत पाणी शिरायला वाट झालेली असते.

सपाट कमान गोल करण्यासाठी १९७२–७४ च्या धर्तीचे तयार पॅनेल मिळतात. ते लावताना सीट बेल्ट, पाट्यांचे आधार आणि मागची भिंत या तिन्हींच्या जागा न हलता काम झाले पाहिजे. चांगला डेंटर अख्खी कड एकदम कापत नाही. तो दोन-तीन इंच कापतो, बाहेरचा पत्रा आतल्याला टाके घालून जोडतो, थंड होऊ देतो, आणि मग दुसऱ्या टोकाला जातो. सलग वेल्ड मारली तर पातळ पत्रा तापून वाकतो. शेवटी जोडावर सीलर आणि पोकळीत मेणाचा फवारा. लांबीचा (पुट्टीचा) थर जितका जाड, तितके खालचे काम कच्चे समजावे.

फायबरग्लासचे फुगवटे रिव्हेटने ठोकणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक बिघडवला जाणारा प्रकार. फुगवटा स्वतः वाईट नसतो. त्याखाली कापलेले दोन पत्रे न जोडता सोडून देतात ते वाईट. बाहेरून चकचकीत दिसते आणि आत कमान कुजत राहते.

शर्यतीतून आलेले रूप

फुगीर कमानींची हौस शर्यतींतून आली. ॲबिंग्डनच्या स्पर्धा विभागाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एमजीसी (एमजीबीचीच सहा सिलिंडरची आवृत्ती) जीटीएस या दोन हलक्या गाड्या बांधल्या. त्यांना ॲल्युमिनियमचे पॅनेल आणि रुंद फुगवलेल्या कमानी होत्या. अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या १९६८ च्या शर्यतीत पॅडी हॉपकर्क आणि अँड्र्यू हेजेस यांनी यातली गाडी दहाव्या क्रमांकावर आणली. तेव्हापासून एमजीबीवर बसणाऱ्या तशा फुगवट्यांना सेब्रिंग हेच नाव पडले. १९९२ च्या एमजी आरव्ही८ या गाडीत तर फुगीर कमानी कारखान्यातूनच आल्या. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीच्या बॉड्या पुन्हा काढायला सुरुवात केली होती, त्यावर ही गाडी उभी राहिली. दोन हजारांच्या आतच तयार झाल्या आणि बहुतेक जपानला गेल्या.

नियम

ब्रिटनमध्ये १९८६ च्या वाहन-बांधणी नियमांनुसार चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी अडेल असे मडगार्ड किंवा बॉडीचा भाग चाकावर असावा लागतो. टायर कमानीबाहेर डोकावत असेल तर अडचण तिथे येते. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो.

भारतात प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, तो गाडी मूळ रूपात असेल आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. मुंबई-पुण्यात कोणाकडे सपाट कमानीची १९६० च्या दशकातली मिजेट असेल आणि ती गोल करण्याचा मोह होत असेल, तर कापण्याआधी हा नियम वाचावा. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने डिकीतला गालिचा उचलून कमानीची आतली बाजू टॉर्च लावून पाहावी. कारखान्याचे स्पॉट वेल्ड लहान, गोल आणि सारख्या अंतरावर असतात. मागाहून मारलेले टाके वेडेवाकडे आणि ग्राइंडरने घासलेले दिसतात.