बोरू, भेंड आणि मिटणारा चाकू

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, शिवारात गेलेल्या पोरांपैकी एखाद्याच्या खिशात तरी चाकू निघायचाच. कडब्याच्या कोपीपाशी मोठी माणसं भज्जी-आंबील घेऊन बसत आणि आम्ही बांधावर उसाचं कांडं सोलत बसायचो. हा मिटणारा चाकू आमच्याकडे आला कुठून, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

शेतीतून तर नक्कीच आला नाही. शेतकऱ्याचं सगळं इळा, खुरपं आणि कुऱ्हाडीवर भागत होतं. त्यांना पाणी द्यायला, धार लावायला गावचा लोहार होता, बलुत्यावर. शिवाय गावाबाहेर पाल टाकणारे घिसाडी असत. बाप्या सांडशीत लालबुंद लोखंड धरून बसलेला आणि बाई उभी राहून घण घालतेय, हे दृश्य मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा त्यांनी केलेला कोयता पिढीभर टिके. मिटणारा चाकू मात्र मी त्यांच्याकडे कधी पाहिला नाही.

चाकू हा शब्द फारसीतून आला, फारसीत तुर्कीतून. तो ज्यात राहतो तो खिसाही फारसीच. माझ्या मते खुणेची जागा हीच आहे. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. 1884 पासून उर्दू ही तिथली राजभाषा होती. आजोबा चाकूला शेवटपर्यंत ‘कलमतराश’ म्हणत; म्हणजे कलम तासणारा. बोरूचं टोक तिरकं छाटायचं, मधोमध चीर द्यायची, आणि लिहून बोथट झालं की पुन्हा छाटायचं. कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी लिहायची असो की तहसिलीत उर्दू, चाकूशिवाय लेखणी चालत नव्हती. इंग्रजीतल्या ‘पेननाईफ’चं मूळही पिसाच्या लेखणीला टोक करण्यातच आहे. थोडक्यात, आमच्या खिशातली वस्तू शिवारातली नव्हती, कचेरीतली होती.

पुढे टाक आले, मग फाउंटन पेन. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, शाळा मराठी झाल्या आणि आजोबांचा चाकू पेन्सिलींपुरता उरला. तिथून तो नातवंडांच्या हाती, म्हणजे थेट रानात गेला.

त्याचं खरं काम उन्हाळ्यात, कडब्याची गंजी लागल्यावर. जवारीचं वाळलेलं धाट घ्यायचं, साल एका ओढीत काढायची. आत पांढरं, हलकं भेंड. भेंडाच्या चकत्या म्हणजे चाकं, सालीच्या काड्या म्हणजे आस, जू आणि साट्या. खिळा नको, डिंक नको, काडी टोचली की बैलगाडी उभी. बोटं चाकूनं कमी कापली, सालीनं जास्त. गलोलीसाठी बाभळीचं बेचकं तासायचं, रबर सायकलच्या जुन्या ट्यूबचं. विट्टीची दोन्ही टोकं सारखी निमुळती करणं सगळ्यांना जमत नसे. ज्याला जमे त्याला कैरीची पहिली फोड मिळायची, मीठ-तिखट लावून.

माळेगावच्या जत्रेतून मी एकदा माशाच्या आकाराचा पितळी चाकू आणला होता. त्याचं पातं पेरूलाही घाबरायचं. स्वित्झर्लंडच्या सैन्यासाठी 1891 पासून बनलेल्या चाकूंची चित्रं नंतर पाहिली. त्यात डबा फोडायची सोय होती, पण आमच्याकडे फोडायला डबा कुठला?

सिनेमातल्या रामपुरीनं मात्र चाकूचं नाव घालवलं. कायद्यानं परवान्याची अट 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांना घातली होती, आणि घरकाम-शेतीची हत्यारं त्यातूनही वगळली होती. पण हे बारकावे गुरुजींना कोण सांगणार! दप्तरात चाकू सापडला की तो जप्त व्हायचा. तोवर शार्पनरही आलं होतं.

भेंडाच्या गाड्या मोडल्या त्या सोयाबीननं. लातूर-नांदेडकडं खरिपाची जवारी हटली आणि धाटंच दुर्मीळ झाली.

जालन्याकडच्या मोसंबीच्या रोपवाटिकांत मिटणारा चाकू अजून रोज उघडतो. जंबेरी लिंबाच्या खोडावर उभी-आडवी चीर द्यायची, मोसंबीचा डोळा आत सरकवायचा, पट्टीनं बांधायचं. या कामालाही आपण कलम करणंच म्हणतो.