'आळशी वाफा' कुणी म्हटले?

आयर्लंडच्या पश्चिमेकडे, मेयो, गॉलवे, डोनेगलच्या डोंगरउतारांवर आज गवताखेरीज काही उगवत नाही, तिथेही समांतर वरंब्यांच्या खुणा आहेत. ही बटाट्याची जुनी रानं. बटाट्यावर करपा रोग पडून आलेला १८४५ नंतरचा दुष्काळ सर्वांना ठाऊक आहे. घोळ आहे तो या वरंब्यांच्या इंग्रजी नावाचा: 'लेझी बेड', म्हणजे आळशी वाफा.

पद्धत अशी. पडीक रानात पट्टा आखायचा. तो न खणता वरच शेणखत किंवा किनाऱ्यावरून पाठीवर वाहून आणलेले समुद्री शेवाळ पसरायचे, त्यावर डोळ्यांचे बेणे मांडायचे. मग दोन्ही बाजूंची ढेकळं गवतासकट उलटी करून पट्ट्यावर पालथी घालायची. बाजूला चर पडतात, पावसाचे पाणी त्यातून निघून जाते आणि वरंबा कोरडा, उबदार राहतो. रोपं वर आली की चरातली माती पुन्हा वर चढवायची. हे सगळे 'लॉय' नावाच्या लांब दांड्याच्या, अरुंद पात्याच्या कुदळीने, एका पायाचा जोर लावून. मधला पट्टा खणत नाहीत म्हणून 'आळशी', असा एक खुलासा दिला जातो. तो मानला तरी बाहेरून आलेल्या प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी हे विशेषण वाफ्यावरून उचलून माणसाला चिकटवले, ते नाकारता येत नाही. ओलसर, खडकाळ जमिनीत याहून शहाणी रीत क्वचितच सापडेल.

दुष्काळाआधी गरिबांची भिस्त 'लंपर' या एकाच जातीवर होती. निकस जमिनीतही भरपूर पिके, पण करप्यापुढे टिकली नाही. पुढे स्कॉटलंडहून 'चॅम्पियन' आली, विसाव्या शतकात 'केर्स पिंक' आणि 'गोल्डन वंडर'. खरा बदल १८९० च्या दशकात फवारणीने झाला. मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण आपल्या द्राक्षबागायतदारांना नवे नाही. आयर्लंडमध्ये चुन्याऐवजी धुण्याचा सोडाही चालवत. पाठीवरचा पंप, निळे पडलेले कपडे, अशी एक पिढी गेली.

लागवड सेंट पॅट्रिकच्या दिवसाच्या, १७ मार्चच्या, आगेमागे. मोठ्या कामाला शेजारी 'मेहल' करून येत, आपल्याकडची सावडच. ट्रॅक्टरने ती मोडली. आता 'रूस्टर' जातीचा बोलबाला आहे, आणि उन्हाळ्यात हवा दमट झाली की हवामान खाते करप्याचा इशारा देते.