जुनी ऑफ-रोड मोटारसायकल नावावर करून घेताना

घाटवाटांच्या आणि चिखलाच्या हौसेपायी जुनी एक्सपल्स किंवा हिमालयन शोधणारे आधी सस्पेन्शन दाबून बघतात. ते बघाच, पण त्याआधी गाडी तुमच्या नावावर होऊ शकते का, ते बघा.

काही गाड्या नावावर होतच नाहीत. कावासाकीची केएक्स २५०, केएलएक्स ११० किंवा बाहेरून आणलेल्या, जवळजवळ सीटच नसलेल्या ट्रायल्स गाड्या स्पर्धेसाठी असतात. त्यांना रस्त्यावर चालवायची मान्यता नसल्यामुळे आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नसते. ‘पासिंग करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. भंगारातल्या गाडीचा नंबर चढवून देणं हा सरळसरळ गुन्हा आहे. अशी गाडी घेताना मूळ बिल आणि आयातीचे कागद मागा, चासी नंबर त्यांच्याशी ताडून बघा आणि गाडी टेम्पोतूनच ट्रॅकवर न्या.

नंबर असलेल्या गाडीची नोंदणीची मुदत, विमा आणि बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) सरकारी एमपरिवहन अ‍ॅपवर दिसतो. ई-चलानं बाकी असतील तर व्यवहाराआधीच विकणाऱ्याला भरायला लावा. मग चासी नंबर. तो बहुधा हॅण्डलखालच्या नळीवर ठोकलेला असतो आणि ऑफ-रोड गाडीत तिथेच चिखल-ग्रीसचा थर बसतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, अंगठा फिरवा. कानस मारलेली किंवा आकड्यांची ओळ वाकडी वाटली, तर किंमत कितीही कमी असो, निघून या. इंजिन नंबरही आरसीशी जुळवा, कारण या गाड्यांची इंजिनं सर्रास बदलली जातात आणि नवा नंबर आरसीवर चढवायचा राहून जातो.

गाडी नावावर करण्याचा अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा. ओटीपी नोंदलेल्या मोबाईलवर येतो, त्यामुळे मूळ मालकाचा नंबर बदलला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या; बरेच अर्ज इथेच अडकतात. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, दोन प्रतींत. फॉर्म ३० दोघांचा. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, तुमच्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि चासी नंबरची पेन्सिल प्रिंट. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून बोजा उतरवा. मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावे गाडी करावी लागते, विक्री त्यानंतर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी नसेल तर काम अडतं. मोटारसायकलचं हस्तांतर शुल्क १५० रुपये, स्मार्ट कार्डाचे वेगळे. एजंट सांगतो त्या आकड्यातला उरलेला भाग त्याची मजुरी.

राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो. गोव्याची गाडी असेल तर तिथल्या कार्यालयाची फॉर्म २८ वरची एनओसी लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि नवा नंबर पडतो. स्वस्त ‘जीए’ गाडीच्या किमतीत हा कर धरूनच घासाघीस करा. यामाहाची आरएक्स १०० शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: तिचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, म्हणजे प्रत्येक गाडी पंधरा वर्षांपुढची. पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर चुकता आहे का, ते आधी पाहा.

विमा कंपनीला १४ दिवसांत कळवा. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो.

मुदती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहेत: राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं. प्रत्यक्षात सही केलेले कोरे टीटी फॉर्म (हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०) डीलरांच्या कपाटात महिनोन्महिने पडून असतात आणि दरम्यान गाडी दोन हात फिरते. यात जास्त धोका विकणाऱ्याला आहे. अपघाताच्या भरपाईत नोंदणीवर ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. म्हणून विकणाऱ्याने ताबा देताना तारीख-वेळ टाकलेली पावती घ्यावी आणि नाव बदलल्याचं पोर्टलवर स्वतः तपासावं.