नळी उभीच का फाटते?

"ठासणीची बंदूक म्हणजे खेळणंच. जुन्या काळची दारू, तिच्यात जोर तो किती असणार!" तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या अशा जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती जमवणाऱ्या हौशी मंडळींत हा समज घट्ट रुजलेला आहे. मग भिंतीवर टांगायला केलेली वस्तू एखादा उत्साही माणूस उडवूनही पाहतो. खरं तर त्या जुन्या काळ्या दारूचा, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाच्या मिश्रणाचा, दाबसुद्धा हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो, आणि तो दाब बंदूक खरी आहे की शोभेची हे विचारत नाही.

फाटलेल्या नळ्या पाहिल्या तर चीर बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने गेलेली दिसते. याचं गणित शाळेतलंच आहे. नळी मनातल्या मनात उभी चिरून तिच्या दोन पन्हाळी करा. त्यांना एकमेकींपासून ढकलणारं बल म्हणजे दाब गुणिले व्यास गुणिले लांबी. ते अडवायला दोन्ही कडांचा धातू, म्हणजे दोनदा जाडी गुणिले लांबी. लांबी दोन्हीकडून उडते आणि ताण उरतो दाब × त्रिज्या ÷ जाडी. आता तीच नळी आडवी कापा. नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचावरचं बल म्हणजे दाब गुणिले भोकाचं क्षेत्रफळ, पण ते अडवायला पूर्ण परिघाचा धातू हजर असतो. भागाकार केला की ताण येतो बरोबर निम्मा. थोडक्यात, नळीला आडवं तुटण्यापेक्षा उभं फाटणं दुपटीने सोपं!

स्वस्त प्रतिकृतीची मेख इथेच आहे. पत्रा वळवून वेल्डिंग केलेली साधी पाइप नळी म्हणून वापरली, तर तिचा जोड नेमका लांबीने जातो. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच धातू सर्वांत कच्चा. जुन्या काळीही उभ्या जोडाच्या नळ्या होत आणि त्या फाटतही. म्हणून पुढचे कसबी लोहार लोखंडाची पट्टी गजाभोवती मळसूत्रासारखी गुंडाळून, तापवून, ठोकून जोडत. जोड नळीला वेढे घालत जाई आणि त्यावर कमी ताण येई. अशा नळीवरच्या वळणदार नक्षीला काही जण आज 'प्राचीन पोलादाचं हरवलेलं रहस्य' म्हणून मिरवतात. तशी नक्षी नुसती आम्लाने कोरूनही काढता येते. तिच्यामुळे ताकद तसूभरही वाढत नाही. आणि जुन्या बंदुका मजबूतच असत असं वाटतं, कारण फुटलेल्या आपल्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

"पण माझी नळी चांगली जाडजूड आहे." वरचं सूत्र पातळ भिंतीचं. जाड भिंतीत ताण सगळीकडे सारखा नसतो. आतल्या पृष्ठाला सर्वांत जास्त बसतो. फ्रेंच गणिती गाब्रिएल लामे यांच्या सूत्राने, आतली त्रिज्या 6 मिलिमीटर आणि भिंतही 6 मिलिमीटर असेल, तर आतल्या पृष्ठावरचा ताण दाबाच्या 1.67 पट येतो. भिंत दुप्पट, 12 मिलिमीटर केली तरी तो 1.25 पटीवरच उतरतो. भिंत कितीही वाढवा, तो दाबाइतका खाली कधीच येत नाही. म्हणजे धातू मुळात कच्चा असेल, तर वजन वाढवून फार काही साधत नाही. शोभेच्या अनेक प्रतिकृती जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. तो सुमारे 380 अंश सेल्सियसला वितळू लागतो आणि धक्क्याने तडकतो. हाताला मात्र छान जड लागतो.

गोळी दारूपर्यंत न ठासता मध्येच अडकून राहिली, तर त्या जागी दाब एकाएकी उसळतो आणि नळीला कडं आल्यासारखा फुगवटा येतो. मागच्या बुचाचे आटे सैल असतील तर बूच थेट उडवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.

सर्वांत घातक चूक दारूची. 1884 साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएल यांनी बनवलेल्या बिनधुराच्या दारूचा जळण्याचा वेग दाबाबरोबर झपाट्याने वाढतो. काळ्या दारूचा तितका वाढत नाही. कोंडलेल्या जागेत दाब वेग वाढवतो, वेग दाब वाढवतो. काळ्या दारूसाठी केलेली उत्तम नळीही अशाने फुटू शकते, मग कच्च्या नळीची काय कथा!

"एकदा उडवली, काही झालं नाही" हा पुरावा नव्हे. प्रत्येक बाराने सूक्ष्म भेग थोडी पुढे सरकू शकते. खरी परीक्षा वेगळी असते. लंडनमध्ये सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीघरात 1813 पासून नेहमीपेक्षा जास्त भार भरून नळी उडवतात, तपासतात आणि मगच तिच्यावर शिक्का मारतात. काळ्या दारूच्या चाचणीचा शिक्का बिनधुराच्या दारूला लागू होत नाही. पुढे कुणी नळी आतून कोरून मोठी केली, तर तो शिक्का त्या नळीचा राहत नाही.