अनीलरच्या फाइलमध्ये प्रोग्राम कुठे असतो?

तुमचा प्रश्न क्वांटम अनीलरवर (अनेक पर्यायांतून सगळ्यात चांगला शोधणाऱ्या क्वांटम संगणकावर) चालवला की निकालासोबत आम्ही एक फाइल देतो. ती उघडून बहुतेक जण विचारतात, "यात प्रोग्राम कुठाय?" ना जर-तर, ना लूप, नुसते आकडे. तोच प्रोग्राम.

अनीलर एकामागून एक आज्ञा पाळत नाही. प्रत्येक क्यूबिटचं (शेवटी ० किंवा १ उत्तर देणाऱ्या त्याच्या घटकाचं) एक वजन आणि क्यूबिटच्या जोडीचं एक वजन, एवढंच त्याला कळतं. ती वजनं धरून तो ० आणि १ ची कमीत कमी ऊर्जेची, म्हणजे वजनांच्या कमीत कमी बेरजेची, मांडणी शोधतो. म्हणून तुमची अट मोडली की ऊर्जा वाढेल, अशी वजनं आम्ही लावतो.

समजा अट अशी: क आणि ख दोन्ही १ असतील तर ग १, नाहीतर ०. ती अशी लिहितात: ३ग + कख − २कग − २खग. तिघेही १ असले तर बेरीज ०. क १, ख ०, तरी ग १? बेरीज १, म्हणजे चूक. क, ख दोन्ही ० असून ग १ असेल तर थेट ३. अशा शेकडो अटी हातानं लिहिणं म्हणजे डोकेदुखीच. लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या स्कॉट पेकिन यांच्या 'क्यूमॅझम' या मॅक्रो असेंबलरमध्ये (अशी वजनं लिहायच्या साधनात) अट एकदा लिहून पुढे नावानं वापरता येते.

खरी कसरत पुढे आहे. अनीलर बनवणाऱ्या डी-वेव्ह कंपनीच्या २०००क्यू यंत्रात २०४८ क्यूबिट होते, पण एकेक क्यूबिट फार तर सहांना जोडलेला, आणि त्या जाळ्यात त्रिकोण नव्हताच. आपल्या अटीत तर क, ख, ग तिघेही एकमेकांना जोडलेले, म्हणजे त्रिकोणच! मग एका चलासाठी दोन क्यूबिटांची साखळी करायची; तीन चलांना चार क्यूबिट लागले. २०२० च्या अ‍ॅडव्हान्टेजमध्ये पाच हजारांवर क्यूबिट आणि प्रत्येकाला १५ पर्यंत जोड आहेत. त्रिकोण मिळतो, तरी गुंतागुंतीच्या प्रश्नाला साखळ्या लागतातच. त्या 'मायनरमायनर' नावाचं सॉफ्टवेअर बसवतं, तेही अंदाजानं. म्हणून दोन वेळा चालवल्यावर साखळ्यांची मांडणी वेगळी आली तर ती चूक समजू नका.

साखळी सैल ठेवली तर तुटते, म्हणजे एकाच चलाचे क्यूबिट वेगवेगळी उत्तरं देतात. फार घट्ट केली तर यंत्राच्या मर्यादेत बसवताना बाकीची वजनं इतकी लहान होतात की तुमच्या अटी गोंगाटात हरवतात. त्यामुळे फाइलमध्ये उत्तराआधी तुटलेल्या साखळ्यांचं प्रमाण बघा. ते जास्त असेल तर उत्तर कितीही देखणं दिसो, आम्हाला परत चालवायला सांगा.

प्रश्न पाठवताना कोणती अट थोडी मोडली तरी चालेल आणि कोणती अजिबात नाही, तेवढं जरूर लिहा. वजनं आम्ही त्यावरूनच ठरवतो.