तापाची अर्धी गोळी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरखालोखाल चर्चा होते ती मांजरांची. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "बंड्या दोन दिवस पलंगाखालून हलत नाहीये, अंग तापलंय, काय देऊ?" लगेच सल्ला आला: "तापाची अर्धी गोळी द्या. आमच्या कुत्र्याला आम्ही देतो." खाली चार अंगठे. काकूंनी पॅरासिटामॉलची 650 मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून कुस्करली, तुपात कालवली आणि बोक्याच्या टाळूला लावली.

रात्री दहाला त्यांनी माझी बेल वाजवली. बंड्याचं तोंड सुजून गोल झालं होतं, पुढचे पंजे फुगले होते. ओठ वर करून पाहिलं तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या गढूळ, तपकिरी-करड्या. पावसात रिक्षा मिळवून आम्ही रात्री उघडा असलेला प्राण्यांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकला आणि शेजारी दवाखान्यातल्या दुसऱ्या मांजराचा एक. दुसऱ्याचा थेंब हवेत लालभडक झाला. बंड्याचा चॉकलेटीच राहिला. त्या दोन थेंबांनी मला पुढचे पंधरा दिवस वाचायला लावलं, म्हणून हा लेख.

आधी तापाचं बघू. मांजराचं निरोगी शरीरच 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. माणसाचं 98 च्या आसपास. म्हणजे धडधाकट मांजराला हात लावला तरी आपल्याला ते गरमच लागणार. हाताने ताप बघण्याची आपली पद्धत इथे कुचकामी आहे. थर्मामीटर लागतो आणि तो मागून घालावा लागतो. ते काम घरी करू नका, ओरबाडे निघतील.

आता गोळी. साठ किलोच्या माणसाने 650 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे साधारण 11 मिलिग्रॅम पडतात. बंड्या चार किलोचा. अर्धी गोळी म्हणजे 325 मिलिग्रॅम, किलोमागे 80 च्या वर. माणसाच्या मापात हे एका घोटात सात-साडेसात गोळ्या गिळण्यासारखं झालं. पण खरी गोम वजनात नाही. मांजराला किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे आपला नेहमीचाच डोस मिळाला तरी विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या हिशेबाने बंड्याला गोळीचा नखाएवढा तुकडाही पुरला असता.

असं का? आपल्या यकृतात पॅरासिटामॉल आलं की त्याच्या रेणूला एक शेपूट जोडलं जातं. हे शेपूट बहुतेक वेळा साखरेपासून बनलेल्या ग्लुक्युरॉनिक आम्लाचं असतं, काही वेळा सल्फेटचं. शेपटामुळे रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. पोटात गेलेल्या औषधाचा फार मोठा भाग असाच निकालात निघतो. उरलेल्या थोड्याचं मात्र एका जहाल पदार्थात रूपांतर होतं. त्याला आवरायला पेशींत ग्लुटाथायोन नावाचा पहारेकरी असतो. नेहमीच्या डोसला तो पुरून उरतो.

ग्लुक्युरॉनिक आम्लाचं शेपूट जोडणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) एक कुटुंबच आहे. त्यातलं पॅरासिटामॉलसारख्या फिनॉलवर्गीय रेणूंवर काम करणारं एक महत्त्वाचं विकर ज्या जनुकावरून बनतं त्याचं नाव यूजीटी1ए6. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लाट यांनी 2000 साली दाखवलं की मांजरात हे जनुक मोडलेलं आहे. गायब नाही, मोडलेलं. जागच्या जागी आहे, पण मजकुरात अशा चुका आहेत की त्यावरून विकर तयारच होत नाही. पुस्तक कपाटात आहे, पानं मात्र वाळवीने खाल्लेली, असं म्हणा.

वाळवी लागली कधी? वाघ, सिंह, चित्ता यांच्यातही हे जनुक असंच निकामी सापडलं, म्हणजे मोडतोड घरातल्या मांजराच्या कितीतरी आधीची, लाखो वर्षांपूर्वीची. मार्जारकुळाबाहेर तपकिरी तरस आणि उत्तरेकडचा एलिफंट सील यांच्यातही ते स्वतंत्रपणे मोडलेलं आढळलं. यातला समान धागा आहार. वनस्पती आपल्या बचावासाठी फिनॉलवर्गीय रसायनं बनवतात. पाला, फळं, बिया खाणाऱ्याला ती रोज निस्तरावी लागतात. त्याचं हे जनुक बिघडलं तर तो मरतो आणि बिघाड पुढच्या पिढीत जात नाही. निव्वळ मांसावर जगणाऱ्याला बिघाडाचा पत्ताच लागत नाही, आणि तो पिढ्यानपिढ्या चालू राहतो. हे 'वापरलं नाही म्हणून झिजलं' असं नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. जनुकं अपघातानेच मोडतात, फक्त इथे मोडलेल्याची छाटणी झाली नाही. लाखो वर्षं काही बिघडलं नाही. मग आपण पॅरासिटामॉल शोधलं.

शेपटाचा मुख्य मार्ग जवळपास बंद, सल्फेटचा मार्ग अरुंद, तो लवकर तुंबतो. मग औषध आडवाटांनी जातं. पुढचा परिच्छेद थोडा जड आहे, चहा घेऊन या.

पॅरासिटामॉलवरचा अ‍ॅसिटिल नावाचा अणूंचा छोटा गट निघाला की पॅरा-अमिनोफिनॉल उरतं. तो गट परत चिकटवणारी एनएटी1 आणि एनएटी2 अशी दोन विकरं माणसात आहेत. मांजरात एनएटी2 नाही, कुत्र्यात दोन्ही नाहीत. त्यामुळे पॅरा-अमिनोफिनॉल साठत जातं, तांबड्या पेशीत शिरतं आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करतं. फेरस लोह फेरिक होतं. फेरस लोह ऑक्सिजन धरतं आणि सोडतं, फेरिकला तो धरताच येत नाही. अशा हिमोग्लोबिनला मेटहिमोग्लोबिन म्हणतात, आणि त्याचा रंग चॉकलेटी. त्यात मांजराच्या हिमोग्लोबिनवर हल्ल्याला सोपे असे सल्फहायड्रिल (गंधक आणि हायड्रोजनचे) गट आठ, कुत्र्याच्या चार, आपल्या दोनच. हे गट बिघडले की हिमोग्लोबिनचा गोळा होऊन तो पेशीच्या कडेला चिकटतो (याला हाइन्झ बॉडी म्हणतात), आणि अशा पेशी पुढे फुटतात. प्लीहेने हे गोळे काढून टाकायचे, तर मांजराची प्लीहा त्या कामात मुळात ढिली.

थोडक्यात, माणूस जास्त पॅरासिटामॉलने यकृत जाऊन मरतो, तेही काही दिवसांनी. मांजराचं रक्त काही तासांत निकामी होतं. छाती जोरजोरात हलते, फुप्फुसांत हवा जाते, पण ऑक्सिजन वाहून नेणारंच कोणी उरत नाही.

प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर हेच रसायन शस्त्र म्हणून वापरलं गेलं. बाहेरून आलेल्या तपकिरी वृक्षसर्पांनी तिथले पक्षी संपवत आणले होते. अमेरिकी यंत्रणांनी मेलेल्या उंदरांत 80 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घालून ते हेलिकॉप्टरमधून जंगलात टाकले. सापही मेटहिमोग्लोबिननेच मरतात.

शेपटाचं कोडं कळलं की घरातल्या बऱ्याच गोष्टींकडे नव्याने बघावं लागतं. काळ्या फिनेलने पुसलेल्या लादीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं. जखमेवर लावायचं दुधाळ होणारं जंतुनाशक हेही फिनॉलवर्गीयच. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडांचं पर्मेथ्रिन मांजराला झटके आणतं. आणि 'हर्बल आहे, अपाय नाही' म्हणून टी ट्री तेल चोपडणाऱ्यांना काय सांगावं? वनस्पतीतली रसायनं निस्तरायची सोयच ज्याच्याकडे मोडलेली, त्याला 'नैसर्गिक' हा शब्द काय कामाचा? ग्रुपवर एका आजोबांनी मीठ-मोहरी ओवाळायला सांगितलं होतं. चारही अंगठ्यांच्या सल्ल्यापेक्षा ते बरं होतं, निदान पोटात काही गेलं नसतं. मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, या भीतीने काकू रिक्षात रडत होत्या, ते वेगळंच.

अशा वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी हव्या असतात: गोळीचं पाकीट, दिल्याची वेळ आणि मांजराचं वजन. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, त्या मिठानेच प्राणी दगावू शकतो. मांजर तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखं धापा टाकत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. बोका मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, तेव्हाही नाही.

बंड्याला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं आणि शिरेतून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन सुरू केलं. माणसांचा कफ पातळ करायला वापरतात तेच औषध. यातून शरीर सिस्टीन मिळवतं आणि ग्लुटाथायोनचे नवे पहारेकरी घडवतं. शिवाय ते स्वतःही त्या जहाल पदार्थाला धरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरड्या फिकट गुलाबी झाल्या. शेपटीच्या मुळाशी केसांत लपलेलं गळू तेव्हा सापडलं. दुसऱ्या बोक्याचा दात लागून झालेलं, सगळ्या सुस्तीचं कारण. ते फोडून साफ केलं.

पुढचे काही डोस तोंडातून द्यायचे होते. बंड्याला टॉवेलात गुंडाळून धरायचं काम माझ्याकडे आलं. बाटली उघडली की सडक्या अंड्यांचा वास सुटायचा, काकू नाकाला पदर लावायच्या, बंड्या मान फिरवायचा. तो वास त्या रेणूतल्या गंधकाचा, सल्फहायड्रिल गटाचा. बंड्याच्या हिमोग्लोबिनवर आठ ठिकाणी होता तोच.